सातची पाळी, उद्यमबाग: बेळगावचे कामगार कुठून आणि कशाने येतात, याचा प्रकरण अभ्यास

बेळगावात खानापूर रोडने टिळकवाडीचे तिसरे रेल्वे गेट ओलांडले की उद्यमबाग सुरू होते. फाउंड्री, मशीन शॉप, हायड्रॉलिक्सचे सुटे भाग करणारे कारखाने, पॅटर्न शॉप, पावडर कोटिंग असा सगळा पसारा. दहा माणसांचे वर्कशॉप आणि चारशे माणसांचा कारखाना एकमेकांना भिंत लावून उभे असतात. रस्ता पुढे पिरनवाडी आणि मच्छेकडे जातो. पूर्वेला अनगोळ आणि त्यापलीकडे येळ्ळूर, पश्चिमेला मजगाव आणि मंडोळी. सकाळी सातला पहिली पाळी, साडेआठ-नऊला जनरल, दुपारी तीनला दुसरी पाळी. माणसे आत शिरतात ती या वेळांना.

मध्यम शहरात किती कामगार रोज ये-जा करतात आणि त्यांचे वाहन कसे बदलत गेले, हे समजून घ्यायला आम्ही अख्खे शहर न घेता हा एकच पट्टा घेतला आहे. शहरभराची सरासरी काढली की ज्या कारणाने माणूस सायकल सोडतो किंवा बस नाकारतो, ते कारणच सरासरीत विरघळून जाते. या पट्ट्यात ते उघड दिसते. आमच्या मते इथला कामगार वाहन निवडतो ते तिकिटाचा दर बघून नव्हे. पाळी सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, आणि बसचा मार्ग गावाहून कारखान्याकडे जातो की शहराच्या मध्यभागाकडे, या दोन गोष्टी ते ठरवतात.

जनगणनेचा तक्ता काय सांगतो आणि काय गाळतो

कामाच्या प्रवासाची देशभर एकसारखी माहिती मिळते ती २०११ च्या जनगणनेतल्या बी-२८ या तक्त्यात. घरापासून कामापर्यंतचे एका बाजूचे अंतर आणि प्रवासाचे साधन असे दोन प्रश्न त्यात आहेत. देशातल्या सुमारे २० कोटी कामगारांची ही नोंद आहे. त्यात जवळजवळ ३० टक्के लोक 'प्रवास नाही' या रकान्यात आहेत, २२-२३ टक्के पायी, १३ टक्के सायकलने, जवळपास तेवढेच दुचाकीने आणि ११ टक्क्यांच्या वर बसने जातात.

इथेच पहिला खड्डा आहे. दुचाकीचा वाटा किती, असे विचारले तर एक जण १२.७ टक्के सांगेल आणि दुसरा १८. दोघेही बरोबर. घरीच काम करणारे ३० टक्के लोक छेदातून वजा केले की बारा-तेराचे अठरा होतात. त्यामुळे दोन वर्षांची किंवा दोन शहरांची तुलना वाचताना आधी खालचा आकडा कशाचा आहे ते बघावे. 'दुचाकीचा वाटा दीडपट झाला' अशी बातमी नुसत्या या गोंधळातूनही निघू शकते.

दुसरी गोष्ट बेळगावला फार लागू पडते. हा तक्ता फक्त 'इतर कामगार' धरतो. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले कामगार त्यात नाहीत. वडगाव, खासबाग, शहापूर या भागांत घरातच यंत्रमाग लावलेले विणकर आहेत. माग घराच्या आवारात आणि चालवणारे बहुतेक घरचेच असतील तर ते घरगुती उद्योगात जातात आणि तक्त्यातून बाहेर पडतात. गल्लीतल्याच दुसऱ्याच्या मागावर मजुरीने जाणारा मात्र पायी जाणारा कामगार म्हणून मोजला जातो. दोघांचे काम एक, दिवस एक. मागाचा धंदा पडून तोच विणकर उद्यमबागेत हेल्पर म्हणून लागला की आकड्यात एक नवा प्रवासी उगवतो.

तिसरी आणि सगळ्यांत मोठी अडचण अशी की जनगणना माणूस मोजते तो राहत्या घरी. बेळगाव महापालिकेच्या ओळीत महापालिकेच्या हद्दीत राहणारे कामगार आहेत. येळ्ळूरहून उद्यमबागेत येणारा त्याच जिल्ह्याच्या ग्रामीण ओळीत गेला, खानापूर तालुक्यातल्या खेड्यातून येणाराही तिथेच. चंदगड तालुक्यातून येणारा तर कोल्हापूर जिल्ह्यात आणि महाराष्ट्र राज्यात मोजला गेला. २०११ मध्ये महापालिका हद्दीची लोकसंख्या पाच लाखांना थोडी कमी होती आणि लागून असलेली गावे व कॅन्टोन्मेंट धरून नागरी समूह सहा लाखांच्या वर, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास माणसे नुसत्या हद्दीच्या पलीकडे राहत होती. हिंडलगा, कंग्राळी, पिरनवाडी, मच्छे ही गावे आज डोळ्यांना शहरच वाटतात. शहराची ओळ वाचून 'बेळगावात इतके कामगार प्रवास करतात' असे म्हणणे म्हणजे फक्त बाहेर पडणारे मोजून आत येणाऱ्यांना विसरणे.

शिवाय साधन एकच लिहिले जाते, ज्याने जास्त अंतर कापले ते. गावातून फाट्यापर्यंत दोन किलोमीटर चालत, तिथून बसने दहा किलोमीटर आणि शेवटी शेअर रिक्षा, अशा माणसाच्या नावापुढे 'बस' लिहिले जाते. त्याने बस सोडून मोटारसायकल घेतली तर कारण बहुधा त्या दोन टोकांना असते, आणि ती टोके तक्त्यात नाहीत.

यानंतरची जनगणना २०२१ ला व्हायची ती लांबली. आता संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ आणि २०२४ मध्ये वेळेच्या वापराचे सर्वेक्षण केले, त्यात प्रवासाला लागणारी मिनिटे येतात; पण त्यातून राज्याचे चित्र निघते, एका शहराचे नाही.

दुसरे दोन आकडे, आणि ते कसे फसवतात

आरटीओची नोंदणी सहज मिळते म्हणून लोक ती वापरतात. केए-२२ मध्ये, म्हणजे बेळगावच्या नोंदणीत, वर्षाला किती दुचाकी वाढल्या ते कळते. त्यातल्या किती कामावर जातात, किती शेतात, किती भंगारात गेल्या, ते कळत नाही. उद्यमबागेच्या पार्किंगमध्ये कोल्हापूरच्या, एमएच-०९ च्या गाड्याही असतात, त्या या हिशेबात नाहीत. पोरगा कॉलेजला लागल्यावर घेतलेली दुसरी गाडी आणि बापाची कामाची गाडी नोंदणीत सारखीच दिसते. नोंदणीचा आलेख चढता आहे, एवढेच तिच्याकडून घ्यावे.

बसच्या तिकीट मशीनचा आकडा जास्त कामाचा, पण ११ जून २०२३ पासून त्याचा अर्थ बदलला. त्या दिवशी कर्नाटकात 'शक्ती' योजना सुरू झाली आणि राज्यातल्या रहिवासी महिलांना साध्या सरकारी बसमध्ये राज्याच्या हद्दीत प्रवास मोफत झाला. प्रत्येक फेरीला कंडक्टर शून्य रुपयाचे तिकीट फाडतो. त्याआधी मासिक पास काढलेली बाई दिवसातून दोनदा चढली तरी तिच्या नावे रोज तिकीट निघत नव्हते. पासधारकांच्या फेऱ्या अंदाजाने धरल्या जायच्या. त्यामुळे जून २०२३ च्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवले की वाढ दिसते. त्यात खरी वाढ किती आणि नुसते मोजमाप नीट झाल्याने दिसलेली किती, हे वेगळे करावे लागते. त्यासाठी सोपा मार्ग असा: एकूण आकडा न घेता सकाळी सहा ते साडेनऊ या वेळेतली एकाच मार्गावरची तिकिटे टप्प्याटप्प्याने बघायची. पास जास्त करून नोकरदारांचे आणि विद्यार्थ्यांचे असतात, बाजार किंवा देवदर्शनाला जाणाऱ्यांचे नसतात. म्हणून दुपारची वाढ मुख्यतः खरी नवी, आणि सकाळच्या वाढीतला काही भाग जुनाच प्रवासी नव्याने नोंदला गेलेला, असे मानून चालता येते.

गेटवर मोजणी

खरी मोजणी कामाच्या जागी करावी लागते. उद्यमबागेसाठी ती अशी मांडता येते.

आत येण्याचे चार रस्ते धरायचे: तिसऱ्या गेटच्या बाजूने खानापूर रोड, पिरनवाडीच्या बाजूने तोच रस्ता, अनगोळकडून येणारा आणि मजगावकडून येणारा. पिरनवाडीच्या नाक्यावर जांबोटी-चोर्ला रस्ता येऊन मिळतो, त्यामुळे तिथे किणये आणि खानापूर या दोन दिशा वेगळ्या लिहायला एक जादा माणूस लागतो. सकाळी सहा ते पावणेदहा, पंधरा मिनिटांचा एक रकाना. वाहन नव्हे, माणसे मोजायची. एका मोटारसायकलवर दोघे असतील तर दोन. हे किरकोळ वाटते, पण आकडा चुकतो तो इथेच. गावाकडून येणाऱ्या गाड्यांवर मागे बसणारा हमखास असतो. शहराकडून येणाऱ्या गाडीवर बहुधा एकटाच.

दिवस मंगळवार ते गुरुवार. टाळायचे दिवस बरेच आहेत: गणेशोत्सव, गावच्या यात्रेचा आठवडा, १ नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी भाषकांचा काळा दिवस), आणि सुवर्णविधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू असतानाचे दिवस, तेव्हा बंदोबस्त, मोर्चे आणि वळवलेली वाहतूक यांनी चित्र बिघडते. शहराच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला भाताचा पट्टा आहे. रोप लावणी आणि सुगी या दोन हंगामांत कारखान्यांत गैरहजेरी वाढते, आणि आलेल्यांतलेही काही जण पहाटे शेतात जाऊन, गाडीला चिखल लागलेला असा, जनरल पाळीला पोहोचतात. म्हणून एक मोजणी फेब्रुवारीत आणि दुसरी जुलैअखेर, लावणी आटोपल्यावर पण पाऊस चालू असताना. एकाच मोजणीवर भरवसा ठेवला तर पावसाळी बेळगाव कागदावर येतच नाही.

रस्त्यावरच्या मोजणीत कॉलेजची पोरे मिसळतात. उद्यमबागेत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, मच्छेला विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ. साडेआठ ते साडेनऊच्या बसमध्ये कामगार कोण आणि विद्यार्थी कोण हे रस्त्यावर उभे राहून सांगता येत नाही, दप्तर आणि डबा यांवरून अंदाज बांधू नये. म्हणून जोडीला कारखान्यात वाटलेली प्रश्नांची चिठ्ठी लागते.

चिठ्ठीत प्रश्न थोडे ठेवावेत. राहण्याचे ठिकाण, तालुक्याचे नाही तर गावाचे आणि गल्लीचे नाव. पाळी. *आज* कशाने आलात, घरापासून गेटपर्यंत टप्प्याटप्प्याने. गाडी स्वतःची की कुणाच्या मागे बसून. काल पाऊस असता तर कशाने आला असता. पाच वर्षांपूर्वी कशाने यायचात. 'सहसा कशाने येता' असे विचारू नये. ज्याच्याकडे गाडी आहे तो गाडीच सांगतो, आठवड्यातले तीन दिवस ती भावाकडे असली तरी.

चिठ्ठी वाटताना ऑफिसकडून हजेरीपट घेतला की कंत्राटी कामगार सुटतात. फेटलिंग (ओतीव भागांची साफसफाई), लोडिंग, सफाई, कँटीन या कामांची माणसे कंत्राटदाराच्या वहीत असतात. बसने आणि पायी येणाऱ्यांचे प्रमाण त्यांच्यात जास्त असण्याचा संभव आहे, त्यामुळे त्यांना वगळले की दुचाकीचा वाटा आपोआप फुगतो. झारखंड, बिहार, ओडिशाकडून आलेले आणि अनगोळ-मजगावात खोली करून पाच-सहा जण एकत्र राहणारे कामगारही त्याच वहीत. ते चालत येतात. पायी येणाऱ्यांचा वाटा घटतच जाणार असे गृहीत धरणाऱ्यांना हा गट दिसत नाही.

सायकलवरून मोटारसायकलवर: हिशेब

सायकल उद्यमबागेतून कमी झाली याचे कारण लोक आळशी झाले असे सांगितले जाते. हिशेब मांडला की वेगळे दिसते.

येळ्ळूर ते उद्यमबाग सहा किलोमीटर धरू. येऊन-जाऊन १२, महिन्याला २५ दिवस, म्हणजे ३०० किलोमीटर. शंभर-एकशेदहा सीसीची गाडी लिटरला ५० देते असे धरले तर ६ लिटर. १०३ रुपये दर धरला तर ६१८ रुपये. ऑइल, टायर, ब्रेक लायनर, चेन-स्प्रॉकेट यांचे किलोमीटरला ६५-७० पैसे धरले तर आणखी २०० च्या आसपास. एकूण सव्वाआठशे रुपये, हप्ता सोडून.

आता बस. येळ्ळूरहून शहरात येणारा बसचा रस्ता वडगाव-शहापूरमार्गे मध्यवर्ती बसस्थानकाकडे जातो. कामगाराला तिथपर्यंत किंवा वाटेत कुठेतरी उतरून दुसऱ्या बसने परत दक्षिणेला यावे लागते. सहा किलोमीटरच्या जागी पंधरा-सोळा. पहिल्या बसला तीस मिनिटे, दुसरीची वाट बघण्यात पंधरा, दुसऱ्या बसला पंचवीस: जवळजवळ सव्वा तास. सातच्या पाळीला पावणेसातला गेटवर उभे राहायचे तर साडेपाचला घर सोडावे लागेल. पासाचे पैसे सव्वाआठशेपेक्षा कमी असले तरी हे गणित कुणी पत्करत नाही.

त्यात जादा कामाचा भाग आहे. महिना १५,००० रुपये पगार, २६ दिवस, आठ तास म्हटले तर तासाला ७२ रुपये. कायद्याप्रमाणे ओव्हरटाइम दुप्पट, १४४ रुपये. (लहान वर्कशॉपमध्ये दुप्पट कितपत मिळतो, हा वेगळा विषय, साधा दर मिळाला तरी पुढचे गणित फारसे बदलत नाही.) महिन्यात दहा तास ओव्हरटाइम म्हणजे १,४४० रुपये, साध्या दराने ७२०. ज्याला संध्याकाळची साडेपाचची बस पकडायची आहे तो 'आज दोन तास थांब' याला होकार देऊ शकत नाही. सुपरवायझरला हे ठाऊक असते आणि तो गाडीवाल्यालाच आधी विचारतो. म्हणजे मोटारसायकलचा बहुतेक किंवा सगळा खर्च महिन्याच्या ओव्हरटाइमने निघतो आणि बस स्वस्त असूनही महाग पडते. रात्री अकराला सुटणाऱ्या दुसऱ्या पाळीला तर बहुतेक गावांची शेवटची बस त्याआधीच गेलेली असते.

५ जानेवारी २०२५ पासून कर्नाटकात बसभाडे १५ टक्क्यांनी वाढले. पुरुष कामगार त्यामुळे बस सोडून गेले, असे म्हणायची घाई होते. पण सातच्या पाळीचा माणूस बसमध्ये नव्हताच. दरवाढ लागली ती जनरल पाळीच्या, लांबून येणाऱ्या माणसाला.

खानापूरचे गणित म्हणून वेगळे आहे. एका बाजूचे २२ किलोमीटर धरले तर महिन्याला ११०० किलोमीटर, २२ लिटर, २,२६६ रुपये, देखभाल मिळवून तीन हजार. पंधरा हजारांच्या पगाराचा पाचवा हिस्सा. इथे माणूस तीन वाटा काढतो. दोघे मिळून एक गाडी आणि पेट्रोल अर्धे-अर्धे. ही जोडी एकाच पाळीची असावी लागते, एकाची पाळी बदलली की मोडते. दुसरी वाट बस, कारण खानापूर-बेळगाव बस उद्यमबागेच्या दारावरूनच जाते, फिरून यावे लागत नाही. तिसरी, मच्छे किंवा पिरनवाडीत खोली. बसचा मार्ग सरळ असेल तर वीस-बावीस किलोमीटरवरचा माणूस बसने येतो आणि सहा किलोमीटरवरचा गाडीने. अंतर वाढेल तशी दुचाकी वाढते, हा नेहमीचा समज इथे उलटा पडतो.

रेल्वेचे नाव यात निघते, कारण लोंढा-मिरज मार्ग खानापूर, देसूर करत बेळगावात येतो. पण बेळगाव स्टेशन कॅम्पजवळ. तिथे उतरून पुन्हा पाच-सहा किलोमीटर मागे. देसूर स्टेशनवरून पुढे न्यायला वाहन नाही. पॅसेंजरच्या वेळा पाळीला जुळवलेल्या नसतात. कॅम्प, बाजारपेठ, कोर्ट-कचेऱ्यांत काम करणाऱ्यांना रेल्वे उपयोगी, उद्यमबागेला नाही.

बाईचा प्रवास

'शक्ती'चा परिणाम पाळीच्या कारखान्यांत कमी आणि इतरत्र जास्त शोधावा लागतो. दुकाने, दवाखाने, घरकाम, शिवण, पॅकिंग, कँटीन ही कामे नऊ-दहाला सुरू होतात, बसच्या वेळेत बसतात. पूर्वी सात-आठ हजारांच्या पगारातून हजार रुपये प्रवासाला जाणार म्हणून गावाजवळच राहिलेली बाई आता पंधरा-वीस किलोमीटरवर काम धरू शकते. हे साधन बदलणे नव्हे. हा प्रवासच नवा आहे. 'वाहनांचा वाटा' मोजणाऱ्या तक्त्यात बसची टक्केवारी थोडी हलते, पण खरी वाढ एकूण ये-जा करणाऱ्यांच्या संख्येत असते. टक्केवारीबरोबर संख्या छापली नाही तर ती झाकली जाते.

गर्दीचीही एक बाजू आहे. योजनेत साध्या बसमधल्या निम्म्या जागा पुरुषांना राखीव ठेवण्याची तरतूद आहे. आठ-नऊच्या बसमध्ये विद्यार्थी, महिला, जनरल पाळीचे कामगार सगळे एकदम. बस फाट्यावर न थांबता पुढे जाते, आणि मधल्या थांब्यावरचा माणूस दोन-तीनदा असे झाले की मोटारसायकलचा हप्ता सुरू करतो. गर्दी सुरुवातीच्या थांब्यावर मोजली तर ही गळती दिसत नाही. मधल्या फाट्यावर 'बस आली, थांबली नाही' असा रकाना ठेवावा लागतो.

रात्रपाळीला बाई ठेवायची तर घरापर्यंत वाहन देणे मालकावर येते. लहान कारखाने यावर एकच उत्तर काढतात: बायकांना फक्त जनरल पाळी. त्यामुळे बसची वेळ आणि बाईची पाळी एकमेकींना घट्ट बांधली गेली आहेत.

शिनोळीची बाजू

वेंगुर्ला रस्त्याने हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, बाची आणि मग शिनोळी. इथे राज्य बदलते, भाषा आणि नातीगोती तीच राहतात. शिनोळीला महाराष्ट्राच्या हद्दीत कारखाने आहेत. बेळगावचा फिटर सकाळी तिकडे जातो, तुडये-शिनोळीकडचा मोल्डर त्याच रस्त्याने बेळगावकडे येतो. दोन्ही प्रवाह सारखेच खरे, आणि कुठल्याही एका राज्याच्या कागदात दोन्ही एकत्र नाहीत.

तिकिटाचे नियमही इथे तुटतात. 'शक्ती'साठी कर्नाटकच्या पत्त्याचे ओळखपत्र लागते. चंदगड तालुक्यातल्या बाईला ते नाही. महाराष्ट्र एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे, पण राज्याच्या हद्दीपर्यंत. मग ती शिनोळी फाट्यापर्यंत एका दराने येते, पुढे पूर्ण दर किंवा वडाप (शेअर जीप). माहेर बेळगावचे आणि आधार कार्ड अजून तिथलेच असलेली सून मोफत जाते, तिची जाऊ पैसे मोजते, एकाच घरात.

सीमाप्रश्नावरून तणाव झाला की आंतरराज्य बस थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तसे झाले. महिन्यातले चार-पाच खाडे परवडत नाहीत, म्हणून या रस्त्यावरचा कामगार बस चालू असतानाही दुसरी सोय तयार ठेवतो. बस बंद होण्याचे दिवस थोडे, पण त्यांच्या भीतीने घेतलेली गाडी वर्षभर चालते.

पाऊस

शहरात वर्षाला सव्वा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. जांबोटी-कणकुंबीकडे त्याच्या कितीतरी पट. मार्कंडेय नदी फुगली की कंग्राळी-उचगाव पट्ट्यातले सखल रस्ते आणि छोटे पूल बंद होतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात हे मोठ्या प्रमाणावर झाले. पण कामगाराचे वाहन बदलते ते रोजच्या झडीने. किणये-बेळगुंदीकडचा दुचाकीवाला जुलैत बसकडे वळू बघतो आणि त्याच वेळी बस उशिरा धावते, भरून येते. उशीर झाला की काही कारखान्यांत पंधरा मिनिटांना अर्धा तास कापतात. दोन आठवडे हे सोसल्यावर तो रेनकोट घालून परत गाडीवर येतो. पावसाळ्यात बसला मिळू शकणारा माणूस बसकडे येऊन गेलेला असतो, नुसत्या फेब्रुवारीच्या मोजणीत त्याचा पत्ताही लागत नाही.

काय करता येते

मोठे एकच गेट असलेला कारखाना स्वतःची बस लावू शकतो. उद्यमबागेचा पेच असा की माणसे हजारोंनी, पण मालक शेकड्याने. हिशेबासाठी ४० कामगारांचे मशीन शॉप घ्या. ते दहा-अकरा गावांतून येतात. एका दिशेचे फार तर सात-आठ. परिवहन संस्थेकडून कराराने बस घ्यायची तर किमान किलोमीटर आणि किमान तासांचे भाडे द्यावे लागते, आणि ते परवडायला एका दिशेची पस्तीसेक माणसे लागतात. म्हणजे शेजारच्या पाच कारखान्यांनी एकाच वेळेला गेट उघडले पाहिजे. एकाची पाळी ६.४५ ला, दुसऱ्याची ७ ला आणि तिसऱ्याची ७.३० ला असेल तर बस जुळत नाही. दहा मिनिटांपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे नाही. पगाराची आणि सुट्टीची बोलणी करण्यापेक्षा पाळीची वेळ एक करणे मालकांना जड जाते, कारण फाउंड्रीची वेळ भट्टीवर ठरते आणि मशीन शॉपची गिऱ्हाईकाच्या निकडीवर.

त्याहून स्वस्त आहे बसचा मार्ग बदलणे: येळ्ळूर-अनगोळ-उद्यमबाग अशी थेट फेरी, सकाळी ६.२५ ला सुटून ६.४५ ला पोहोचणारी, आणि परत ३.१५ ला. दुसरी ८.०० ला. सायंकाळी ५.४५ आणि ७.४५, शेवटची ओव्हरटाइमवाल्यांसाठी. ही ७.४५ ची फेरी रिकामी धावते म्हणून आधी बंद केली जाते. ती गेली की सकाळची ६.२५ चीही भरत नाही, कारण परतायची खात्री नसलेला माणूस सकाळी बसने निघत नाही. फेरीचा नफा-तोटा एकटीचा काढू नये, जोडीने काढावा. नवी फेरी मोजायची तर निदान तीन महिने द्यावेत. गाडीचा हप्ता चालू असलेला माणूस पंधरा दिवसांत बसकडे येत नाही.

मालकाच्या बाजूने बघितले तर पार्किंगची जागा हाच त्याचा फायदा. गाडी लावायला-काढायला वाव धरून एका दुचाकीला अडीच चौरस मीटर लागतात. ३० गाड्यांना ७५. तेवढ्या जागेत तीन व्हीएमसी (व्हर्टिकल मशीनिंग सेंटर) मशीन आरामात बसतात. बससाठी मालकाशी बोलताना प्रदूषणाचे सांगण्यापेक्षा हे सांगितलेले लवकर पटते.

एक कागद मात्र कुठलेही वाहन असो, लागतोच. कर्मचारी राज्य विमा कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने कलम ५१-ई आले: घरून कामावर किंवा कामावरून घरी जाताना झालेला अपघात, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दाखवता आला तर, कामावरचा अपघात धरला जातो. आता या कायद्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. सध्याच्या २१,००० रुपयांच्या वेतनमर्यादेतला विमाधारक त्याला पात्र असतो. दावे अडतात ते पुराव्यावर. पाळी तोंडी बदललेली असते आणि हजेरीपटात जुनीच. ओव्हरटाइम कच्च्या वहीत. राहण्याचा पत्ता पाच वर्षांपूर्वीचा. येळ्ळूरचा पत्ता असलेला माणूस रात्री नऊला मच्छेच्या रस्त्यावर पडला तर तो घरीच जात होता हे कोण सांगणार? मोजणीच्या चिठ्ठीत गाव, गल्ली, पाळी आणि मार्ग आधीच लिहून घेतलेला असतो. त्याची एक प्रत कामगाराच्या सहीने, तारीख घालून, हजेरीच्या फायलीला लावावी आणि पाळी किंवा खोली बदलली की नवी भरून घ्यावी. कंत्राटी माणसाची चिठ्ठी कंत्राटदाराकडे न ठेवता मुख्य कारखान्याकडे ठेवावी. कंत्राटदार बदलला की त्याची वही त्याच्याबरोबर जाते.